दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी

१

बुधवार, जून महिन्याची सतरा तारीख, सकाळचे सव्वादहा. स्थळ: शल्यचिकित्सा महाविद्यालयाच्या तळमजल्यावरील प्रवेशकक्ष. या वेळी आणि या ठिकाणी एका तरुण डॉक्टर मुलीने पदव्युत्तर प्रवेशाची नुकतीच लागलेली यादी वाचली, तीत आपले नाव असल्याची खात्री करून घेतली, आणि हेडक्लार्कच्या टेबलापाशी जाऊन ती शांतपणे म्हणाली, "माझ्या फाईलमधला एक कागद चोरीला गेलाय."

हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिले. "नाव लागलंय ना तुमचं?"

"लागलंय."

"मग पेढे... नाही, ते राहू द्या. मग रडायचं कशाला?"

"रडत नाहीये. तक्रार करतेय. लिहून घ्या."

या मुलीला सहाध्यायी 'टाचणी' म्हणत. अंगाने तशीच, आणि टोचण्यातही. तिची आई याच इमारतीच्या धुलाईघरात शस्त्रक्रियेच्या चादरी वाफवत असे. तक्रारीचे स्वरूप समजण्यासाठी येथील पद्धत सांगणे भाग आहे. ती फार अवघड नाही.

जागा तीन होत्या. दोन सर्वांसाठी खुल्या. तिसरी, ज्या जातींना या इमारतीच्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या केवळ झाडू घेऊन आत येता येई, त्यांच्यासाठी राखीव. नियम असा की, राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणांवरच पहिल्या दोघांत आला, तर त्याने खुली जागा घ्यावी आणि राखीव जागा त्याच प्रवर्गातल्या पुढच्याला मिळावी. परीक्षेतला क्रम सांगणारी पांढरी चिठ्ठी प्रत्येकाला एकच मिळते. तिच्यावर नाव नसते, परीक्षा क्रमांक असतो. निवड समिती नावे झाकून फाईली पाहते. एखाद्या क्रमाची चिठ्ठी आली नाही, तर तो उमेदवार दुसऱ्या गावी प्रवेश घेऊन गेला असे धरून पुढे सरकते, कारण दरवर्षी असे दोघेतिघे जातातच. राखीव जागेसाठी ही चिठ्ठी लागत नाही; प्रवर्गापुरता क्रम मंडळाच्या वेगळ्या यादीत असतो.

मंगळवारच्या बैठकीत दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी आली नव्हती. समिती पुढे सरकली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाला दुसरी खुली जागा मिळाली. आणि टाचणीला, तिच्या फाईलमध्ये जातीचे प्रमाणपत्र होते म्हणून, राखीव जागेवर बसवण्यात आले.

"दुसरी मी आहे," टाचणी म्हणाली. "माझी चिठ्ठी सोमवारी फाईलमध्ये होती. मी स्वतः लावली होती."

"असं कुणीही म्हणेल, बाई. परीक्षा मंडळाला विचारायचं तर आठ दिवस लागतात. यादी आज पाच वाजता बंद होते." हेडक्लार्कने घड्याळाकडे बोट दाखवले. "आणि तुम्हाला जागा तर मिळालीये. ही मिळाली काय, ती मिळाली काय."

"मला फरक पडत नाही असं धरू. माझ्या मावसभावाला पडतो. माझ्यानंतर प्रवर्गात तोच आहे. त्याची जागा मी खाल्लीये, आणि पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नाही."

अकरा वाजता तक्रार निवारण अधिकारी आले. जातप्रमाणपत्र पडताळणी कार्यालयात चौतीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते. शिक्क्यातला दोष ते भिंगाशिवाय हेरत. म्हणून त्यांचेच नाव 'भिंग' पडले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी फाईल मागवली, नाडी सोडली, कागद एकेक करून उलटे मांडले. सगळ्यात वर असलेल्या कागदापाशी ते थांबले.

"हे प्रमाणपत्र तुम्ही असंच दिलं होतंत?"

टाचणी वाकून पाहू लागली. तिच्या कपाळावर आठी पडली.

चोराने एक कागद काढून नेला, एवढेच तिला ठाऊक होते. त्याने फाईलमध्ये एक वस्तू घातलीही होती, हे तिला त्या क्षणी कळले.

२

प्रमाणपत्र पारदर्शक पाकिटात होते. क्ष-किरण चित्रांवरच्या आवरणातून ते कात्रीने सरळ कापलेले होते, आणि कडा मलमपट्टीच्या पांढऱ्या चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. आतला कागद सपाट दाबलेला होता. गोल शिक्क्याच्या मधोमध घडीची जुनी रेघ मात्र दिसत होती.

"मी उघडंच दिलं होतं," टाचणी म्हणाली. "चार घड्या घातलेलं. आई ते डब्यात ठेवते. आणि ते सगळ्यात खाली होतं."

"पाकीट कार्यालयाचं?" भिंगसाहेबांनी हेडक्लार्कला विचारले.

"आमच्याकडे नाडी आणि टोचा. पाकिटांची चैन इथे कोण करतं? आम्ही कागद मोजतो, पुढे ढकलतो. माझा मुलगा दोनदा या परीक्षेला बसला, साहेब. त्याच्यासाठीसुद्धा मी कधी पाकीट केलं नाही." शेवटचे वाक्य बोलताना त्याने टाचणीकडे जे पाहिले, ते केवळ कार्यालयीन पाहणे नव्हते.

दाराशी येणाऱ्यांची नोंदवही असे. सोमवारी दुपारी फाईल जमा झाल्यापासून कपाटात बंद होईपर्यंत आत आलेल्यांच्या सह्या चार: हेडक्लार्क; टाचणीचा मावसभाऊ; तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा; आणि निवड समितीच्या वतीने कागद तपासून प्रत्येक फाईलवर सही करणाऱ्या शल्यचिकित्सेच्या ज्येष्ठ प्राध्यापिका.

तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाला 'वकील' म्हणत, कारण आरक्षणाविरुद्ध त्याने विश्रामकक्षात सलग दोन तास बोलल्याची नोंद अनेकांच्या स्मरणात होती. तो खुर्चीवर बसण्याआधीच बोलू लागला.

"माझ्यावरच संशय येणार, मला माहीत होतं. मी बोलतो ना. जे गप्प बसतात ते सज्जन."

"सोमवारी कक्षात कशाला आला होतात?"

"फोटो द्यायचा राहिला होता. पाच मिनिटं एकटा होतो. लपवत नाही."

"टाचणीबद्दल तुमचं मत?"

"हुशार आहे. पण तिला हुशार असायची गरजच काय? तिला जागा ठेवलेली आहे. माझे वडील औषधाच्या दुकानात पुड्या बांधतात. मी एका खोलीत, चार भावंडांच्या मध्ये अभ्यास केला. मला कुणी काय ठेवलं? मला सांगा, साहेब, माझी गरिबी कुठल्या रकान्यात लिहू?"

"प्रश्न खोटा नाही," भिंगसाहेब म्हणाले. त्यांना वाद आवडे आणि घाईने दिलेले उत्तर आवडत नसे. "तुमच्या गरिबीसाठी रकाना हवा, हे मला मान्य आहे. पण तुमच्या वडिलांना दुकानात पुड्या बांधू दिल्या. तिच्या आजोबांना त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहू दिलं नसतं. हे दोन निराळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं नाही म्हणून पहिल्याचं बंद करायचं नसतं."

"म्हणून गुणवत्ता बाजूला?"

"दुसरा कोण आला होता, ठाऊक आहे?"

"कुणीतरी होता. गेला दुसरीकडे. माझं नशीब."

"आणि टाचणी?"

वकिलाने खांदे उडवले. "ती प्रमाणपत्रावरची. माझ्या यादीत ती येतच नाही. मी तिच्या फाईलला हात कशाला लावू? लावलाच असता, तर प्रमाणपत्रच फाडलं असतं."

तो गेला. भिंगसाहेबांनी पाकिटाकडे पाहिले. तरुणाने स्वतःविरुद्धचा सर्वांत जोरदार पुरावा देऊ केला होता, आणि नेमका तोच त्याला सोडवत होता.

३

मावसभाऊ तीन वर्षांपासून एका छोट्या दवाखान्यात टाके घालण्याचे काम करत होता. टाचणी दाराशी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"दादा, मी तक्रार तुझ्यासाठी केलीये."

"उपकार आहेत."

"असं काय बोलतोस?"

"मग कसं बोलू? लहानपणापासून ऐकतोय, तिच्याकडे बघ, तिच्यासारखा बस, तिच्यासारखं वाच. मावशीच्या घरी बक्षिसं लावायला भिंत पुरत नाही. आता जागाही तिचीच. आणि वर तक्रारही तिनेच करायची, म्हणजे चांगुलपणाही तिचाच." तो भिंगसाहेबांकडे वळला. "लिहा, साहेब. माझं तिच्याशी वाकडं आहे. खोटं कशाला सांगू?"

"चिठ्ठी तुम्ही काढलीत?"

"ती खुल्या जागेवर जावी म्हणून मी महिनाभर मनात घोकतोय. ती वर सरकली तरच मी आत येतो. चिठ्ठी काढून मी माझंच दार बंद करीन?" त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. त्यावर क्रमांक, जागा आणि नियमाचे कलम बारीक अक्षरात मांडले होते. "हे बघा. दुसरी ती असेल हा माझा अंदाज होता. तिने मला सांगितलं नाही."

"कुणालाच नाही सांगितलं," टाचणी म्हणाली. "आईलाही नाही. यादी लागल्यावर सांगणार होते."

"घडीची गोष्ट ठाऊक आहे तुम्हाला?" भिंगसाहेबांनी एकदम विचारले. "शिक्क्यावरून घडी गेली, तर काय होतं?"

टाचणीने नकारार्थी मान हलवली. मावसभाऊ मात्र चटकन म्हणाला, "पडताळणीत परत पाठवतात. माझ्या थोरल्या भावाचं पाठवलं होतं. म्हणतात, शिक्का वाचता येत नाही."

"पाठवत असत," भिंगसाहेब म्हणाले. "तो नियम मी निवृत्त व्हायच्या आधीच रद्द झाला. आता नव्या लोकांना तो ठाऊकही नाही."

घड्याळात अडीच झाले होते. त्यांनी कागदावर चार व्यक्ती लिहिल्या आणि एकेक खोडीत गेले.

वकिलाला चिठ्ठी नाहीशी होण्याचा लाभ होता. परंतु टाचणीची चिठ्ठी गेल्यावर तिचे प्रमाणपत्र टिकले काय आणि फाटले काय, त्याला सारखेच होते. ते जपून पाकिटात घालणे हे लाभासाठी चोरी करणाऱ्याचे काम नव्हे. शिवाय ज्याला आयुष्यात असे प्रमाणपत्र दाखवावे लागले नाही, त्याला शिक्क्यावरच्या घडीचे भय कोठून ठाऊक असणार? हाच युक्तिवाद हेडक्लार्कला लागू होता; तो कागद मोजत असे, वाचत नसे. मावसभावाला भय ठाऊक होते, पण चिठ्ठी गेल्याने बुडणारा तो एकटाच होता.

चोराला टाचणीचा प्रवेश हुकवायचा नव्हता. ती आत यायला हवी होती. मात्र प्रमाणपत्राच्या दाराने. आणि त्या दाराशी ती अडू नये म्हणून चोराने तिचा कागद सरळ करून, चिकटपट्टी लावून, सगळ्यात वर ठेवला होता. एकाच हाताने दोन कामे केली होती, एक मत्सराचे आणि एक मायेचे.

चौथे नाव त्यांनी खोडले नाही. ते जिना चढू लागले.

४

प्राध्यापिकेच्या खोलीत खिडकीशी हाडांचा सांगाडा होता आणि टेबलावर काही नव्हते. त्या एकतीस वर्षांपूर्वी या महाविद्यालयात शिकायला आल्या होत्या. त्यांच्या जातीतून या विभागात आलेल्या त्या पहिल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "विचारा."

"दोनच गोष्टी. टाचणीची फाईल सोमवारी तुम्ही पाहिलीत?"

"सगळ्याच पाहिल्या."

"दुसरी गोष्ट जरा खाजगी आहे. तुमचं स्वतःचं जातीचं प्रमाणपत्र तुमच्याजवळ असतं?"

खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी प्राध्यापिकांनी मांडीवर घेतली, आतला कप्पा उघडला आणि एक पाकीट टेबलावर ठेवले. क्ष-किरण चित्राच्या आवरणातून कापलेले. कडांना चिकटपट्टी, जुनी होऊन पिवळी पडलेली. आत त्यांचे प्रमाणपत्र होते. त्याच्यामागून एका पांढऱ्या चिठ्ठीची कड दिसत होती.

"तुम्ही हे मागाल, हे अकरा वाजताच कळलं मला. तुम्ही येताय असं ऐकलं तेव्हा."

"चिठ्ठी फाडली का नाहीत?"

"फाडवेना." त्यांनी चिठ्ठी काढून पालथी ठेवली. "दोनदा हातात घेतली. दुसरा क्रमांक आहे, साहेब. असा कागद फाडतात का?"

"मग काढलीत का?"

"मी परीक्षेत कितवी होते, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"कुणालाच नाही. तिसरी होते. खुल्या जागा चार होत्या. पण तेव्हा आजचा नियम नव्हता. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि राखीव जागेवर बसवलं. क्रम कुणी विचारलाच नाही. त्यानंतर एकतीस वर्षं मी काहीही केलं, तरी शेवटी 'त्या जागेवरच्या' ना? मी वाचवलेला रोगी घरी गेला, की म्हणायचे, हात चांगला आहे हो, त्या जागेवरच्या असूनही. मागच्या आठवड्यात विश्रामकक्षाबाहेर उभी होते. तो वकील आत बोलत होता. मला वाटलं, बोलू दे. या पोरीलाही ऐकायचंच आहे, मी ऐकलं तसं. मी आहे तिला आधार द्यायला." त्यांनी पाकिटाची कड बोटाने सरळ केली. "सोमवारी तिची फाईल उघडली. दुसरी. म्हणजे तिला कधीच कुणी काही म्हणू शकणार नव्हतं. पहिल्याच दिवशी ती मोकळी. धुलाईघरातल्या बाईची पोर, आणि तिला माझी गरजच नव्हती."

"त्याचा हेवा वाटला."

"वाटला. आणि हात चिठ्ठीवर गेला. मग पाहिलं, तर प्रमाणपत्र चार घड्यांचं, घडी शिक्क्यावरून. म्हटलं, हे परत येईल, पोरगी तीन महिने हिंडत बसेल. म्हणून पाकीट केलं. हसायचं असेल तर हसा."

"हसत नाही. तिच्या मावसभावाचं काय होईल, हे लक्षात आलं होतं?"

"यादी लागल्यावर आलं. सकाळपासून पाच वाजण्याची वाट पाहत होते आणि पाच वाजू नयेत असंही वाटत होतं."

भिंगसाहेबांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली. एक प्रश्न त्यांना अजून विचारायचा होता. तपासासाठी त्याची गरज नव्हती. "शिक्क्यावरच्या घडीसाठी तुमचं प्रमाणपत्र कुणी परत पाठवलं होतं?"

प्राध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. जुन्या गोष्टीची खात्री मात्र होती.

"तुम्हीच. तीन नंबरची खिडकी. तेव्हा तुमचे केस काळे होते. घडीवर बोट ठेवून म्हणालात, कागद जपता येत नाही, डॉक्टर कसल्या होणार? तेव्हापासून जपतेय."

"मला आठवत नाही," भिंगसाहेब हळू म्हणाले.

"कसं आठवेल? रांगेत मी एकटी थोडीच होते."

खाली कुठेतरी चारचा ठोका पडला. भिंगसाहेब उठले आणि चिठ्ठी घेऊन जिन्याकडे वळले.

५

चार वाजून वीस मिनिटांनी प्रवेशकक्षात अधिष्ठाता, हेडक्लार्क, टाचणी, मावसभाऊ आणि वकील जमले. प्राध्यापिका शेवटी आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

भिंगसाहेबांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. हेडक्लार्कने परीक्षा क्रमांक अर्जाशी ताडून पाहिला; एकदा, मग पुन्हा एकदा, जणू कागद बदलेल.

"जुळतोय," तो म्हणाला.

"लिहून घ्या. दुसरी खुली जागा टाचणीची. राखीव जागा तिच्या मावसभावाची. यादी पाचच्या आत दुरुस्त करून पाठवावी."

मावसभाऊ खुर्चीत बसला. त्याने घामेजलेला हात पँटला पुसला आणि टाचणीकडे पाहिले. पुष्कळ वर्षांनी तो तिच्याकडे सरळ पाहत होता. "तू आईला सांगितलं नाहीस, खरंच?"

"खरंच."

"मग आता माझंच आधी सांगू. तुझं उद्या."

"चालेल, दादा."

वकील जागचा हलला नव्हता. "म्हणजे माझी जागा गेली. तिच्या आरक्षणामुळे."

"आरक्षण तुमच्या जागेच्या जवळपासही आलेलं नाही," भिंगसाहेब म्हणाले. "खुल्या जागा दोन. पहिला एक, दुसरी ही. तुम्ही ज्या गुणवत्तेची दोन तास बाजू मांडलीत, तिच्यानुसार तुम्ही तिसरे आहात."

वकिलाने टेबलावरची चिठ्ठी वाकून वाचली. मग तो कोरड्या स्वरात म्हणाला, "पुढच्या वर्षी बसेन."

"बसा. आणि तो रकान्याचा प्रश्न सोडू नका. तो बरोबर आहे."

अधिष्ठात्यांनी घसा साफ केला. "चिठ्ठी काढली कुणी, ते लिहायचं राहिलं."

"मी," प्राध्यापिका भिंतीपाशीच म्हणाल्या. "समितीचा राजीनामा टंकून आणलाय. पुढची शिक्षा तुम्ही ठरवा."

"त्याखाली माझंही एक टिपण जोडा," भिंगसाहेबांनी हेडक्लार्कला सांगितले. "घडीसाठी मी परत पाठवलेल्या प्रमाणपत्रांबद्दल. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालायला तयार आहे."

टाचणी फाईलपाशी गेली. तिने पांढरी चिठ्ठी सगळ्यात वर लावली. प्रमाणपत्र पाकिटातून काढावे की नाही, याचा तिने थोडा विचार केला; मग पाकीट तसेच ठेवून नाडी बांधली.

"तुला काही म्हणायचं नाही?" प्राध्यापिकांनी विचारले. "एकतीस वर्षं काय ऐकलं, ते सांगू शकते मी तुला. कारण म्हणून नाही. नुसतंच."

"ऐकेन. शिकायला तुमच्याकडेच येणार आहे," टाचणी म्हणाली. तिने फाईल हेडक्लार्ककडे सरकवली आणि वळून त्यांच्याकडे पाहिले. "पण तुम्ही चुकलात, मॅडम."